साठ किलोंचं स्वर्गारोहण

आमच्या पुलगावात येशू ख्रिस्त कोण होणार, हे माझ्या दुकानातल्या वजनकाट्यावर ठरतं.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, तार, कुलपं, कब्जे, नळाच्या तोट्या. काटा घेतला तो खिळे आणि तार मोजायला. पण दरवर्षी ईस्टर होऊन दोन आठवडे झाले की एका संध्याकाळी शांतवन तायडे चर्चमधल्या तीन-चार सडपातळ जवान पोरांना घेऊन येतात. त्यांना चपला काढायला लावतात, मोबाइल आणि किल्ल्या माझ्या काउंटरवर ठेवायला लावतात आणि एकेकाला काट्यावर उभं करतात. गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, पण फुकटात बघायला मिळतंय म्हणून तेही कुरकुरत नाही. काटा साठाच्या पुढे गेला की तो जवान बाद. उरलेल्यांत ज्याला दाढी बरी येते, तो त्या वर्षीचा येशू.

"विल्सन, अठ्ठावन्न," असं म्हणत काकांनी यंदा माझ्या शटरवर खडूनं लिहिलं. "पोळ्या मोजून खायजो. चाळिसाव्या दिवसापर्यंत हेच वजन पाह्यजे मले."

शटरवर लिहिण्याबद्दल मी त्यांना पुष्कळदा बोललो आहे. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि विल्सनच्या खाली दिवसांच्या रेघा मारायला सुरुवात करतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मलाही हे काउंटरमागे उभ्या उभ्याच कळलं, नाहीतर आमच्या घरात गणपतीपलीकडे कुणाला काही माहीत नाही. ईस्टरला ख्रिस्त कबरेतून उठला. पुढे चाळीस दिवस तो शिष्यांना भेटत राहिला, त्यांच्याबरोबर जेवला. चाळिसाव्या दिवशी तो त्यांना एका डोंगरावर घेऊन गेला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वर गेला. एका ढगानं त्याला झाकलं. शिष्य आपले वर बघत उभे. तेव्हा पांढऱ्या कपड्यांतले दोघं जण तिथं आले आणि म्हणाले की बाबांनो, आभाळाकडे काय बघत बसलात, गेला तसाच तो परत येणार आहे. हे स्वर्गारोहण. बाकी ठिकाणी त्या दिवशी प्रार्थना होते, गाणी होतात आणि लोक घरी जातात. आमच्याकडे तो खरोखर वर जातो. कारण आमच्याकडे शांतवनकाका आहेत, आणि काकांकडे चेनकुप्पी आहे.

काका मिलमध्ये फिटर होते. जड मशीन जागेवरून हलवायचं तर वर तुळईला ही कुप्पी टांगतात आणि तिची साखळी ओढत बसतात. टनभराचं ओझं एकटा माणूस उचलतो, फक्त सावकाश. मिल बंद झाली तेव्हा कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या नेल्या. काकांनी रीतसर अर्ज करून तेवढी कुप्पी मागून घेतली. लोकांच्या बैठकीत टीव्ही असतो त्या जागी त्यांच्याकडे ती असते, भरतकाम केलेल्या रुमालाखाली, तेलपाणी करून.

काकांचं जगाकडे बघण्याचं एकच माप आहे, लोड. माणूस समोर आला की आधी त्याचं वजन, मग विचारपूस. "सलाम भाऊ. दोन किलो चढले तुम्ही." अंदाज चुकत नाही, हाच त्रास आहे. माझ्या बायकोला त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत, चारचौघींत, "वहिनी, बहात्तर," असं सांगितलं. तेव्हापासून काका दुकानात आले की ती चहा मुलाच्या हाती पाठवते. वरातीत लोक नवरदेवाकडे बघतात, काका घोड्याकडे बघतात. पुढाऱ्याच्या सभेत ते भाषण ऐकत नाहीत, स्टेजच्या बल्ल्या मोजतात. आणि कुणी कुठल्याही विषयावर ठासून बोलायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "लोड पाहून बोला."

चर्चच्या आवारात एक जुना कडुलिंब आहे. त्याच्या एका जाड फांदीवरून हा सगळा कारभार चालतो. मी एकदा म्हटलं, "काका, कुप्पी एक टनाची हाय. साठ अन् सत्तरमध्ये असा काय फरक पडते?"

"कुप्पीले काई नाई पडत. फांदीले पडते. ते काई मिलमधली नोहे," काका म्हणाले. "लोड पाहून बोला."

फांदीची परीक्षा म्हणून आधी तीन दिवस तालीम होते, ती सोयाबीनच्या पोत्यावर. बरोबर साठ किलोचं पोतं माझ्याच काट्यावर मोजून नेतात. त्यामुळे पुलगावात ख्रिस्ताच्या आधी सोयाबीन स्वर्गात जातं. आसपासची मंडळी भिंतीवर बसून बघतात. पोतं वर पोचलं की काका खालून फांदीला कान लावल्यासारखे थांबतात, कुठं कुरकूर होते का ते ऐकतात, आणि समाधान झालं की म्हणतात, "हळूहळू उतरवा. हा काई तिथं राह्यला नाई पाह्यजे."

मुख्य दिवशी येशूच्या पांढऱ्या झग्याखाली वायरमन खांबावर चढताना बांधतात तो पट्टा असतो. वर पाल्यात बांबूच्या कामट्यांवर पिंजलेला कापूस लावलेला असतो, तो ढग. कापसाला आमच्या जिल्ह्यात तोटा नाही, त्यामुळे ढग दणकट असतो. खाली अकरा शिष्य; बारावा दगा देऊन आधीच गेलेला. काका झाडामागे, चादरीच्या आडोशाला साखळीवर. मी त्यांच्याशेजारी, ओढलेली साखळी घमेल्यात गोळा करायला. हे काम माझ्याकडे कसं आलं ते मलाही आठवत नाही. पट्टा द्यायला गेलो होतो एका वर्षी, तो तिथंच राहिलो.

अडचण एवढीच की कुप्पीला घाई माहीत नाही. फांदीपर्यंत जायला ख्रिस्ताला अकरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्यानं आशीर्वादाचे हात वर धरायचे, शिष्यांनी माना वर ठेवायच्या, आणि साखळीचा खडखडाट झाकायला गाणाऱ्यांनी गाणं ताणायचं. गाणं चार कडव्यांचं आहे, ते तीनदा होतं. ढगात पोचल्यावरही येशूची सुटका नाही. लोक आवारातून जाईपर्यंत त्यानं फांदीवर मुंगळ्यांत बसायचं. मग शिडी लावून त्याला उतरवतात आणि चहा देतात.

आधीचा येशू प्रशांत, सहा वर्षं टिकला. मग त्याला डेपोत नोकरी लागली, लग्न झालं आणि काटा एकाहत्तरवर गेला. काकांनी त्याला खाली शिष्यांत पेत्र केलं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर दोन वर्षांपूर्वी चर्चमध्ये नवे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, आले. नगरकडचे, तरुण, शिकलेले. बोलायला गोड. त्यांनी फांदीकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं, आणि माझ्या दुकानात काकांना गाठून हळूच सुचवलं की आता प्रोजेक्टर स्वस्त झालेत, भिंतीवर छान चित्र दाखवता येईल, कुणाला इजा व्हायची भीती नाही.

काका माझ्याकडून कडीचे स्क्रू घेत होते. त्यांनी स्क्रू खाली ठेवले.

"साहेब, चित्राले वजन असते का?"

"वजनाचा प्रश्न नाही, काका. अर्थ पोचला म्हणजे झालं."

"वजन हाच अर्थ हाय," काका म्हणाले. "नुसता आत्मा वर जाणं काई मोठी गोष्ट नाई. त्याले लोडच नाई. धूरही जाते वर. हा हाडामासासकट गेला. हातावरचे खिळ्यांचे वण घेऊन गेला. चाळीस दिवस खाल्लेली मच्छी-भाकर घेऊन गेला. माणसाचं वजन पयल्यांदा देवाच्या घरी पोचलं ते त्या दिवशी. आता तिथं उजव्या बाजूले आपल्यातला एक जण बसला हाय, आपली बाजू सांगाले. कचेरीत आपला माणूस असला की कसं असते? तसं. हे भिंतीवरच्या उजेडानं कसं सांगता तुम्ही?"

खिळ्यांच्या डब्यात माझा हात होता. का कोण जाणे, मी तो बाहेर काढला. पाळकसाहेब बाहेर पडताना मला म्हणाले, "सेमिनरीत हेच शिकायला आम्हाला एक आख्खं सत्र लागलं होतं." प्रोजेक्टरचा विषय पुन्हा निघाला नाही.

यंदा मात्र पाळकसाहेबांनी दुसरी एक गोष्ट धरून ठेवली. आमचा खेळ ढगाशी आणि त्या पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांशी संपायचा. पाळकसाहेब म्हणाले, शास्त्र तिथं संपत नाही. पुढं लिहिलंय की शिष्य मोठ्या आनंदानं यरुशलेमेला परतले. तेवढं दाखवायला हवं. साखळीचा खर्च नाही, कापूस नाही, फक्त अकरा जणांनी आनंदानं परत यायचं.

यात भांडण्यासारखं काय आहे ते मला कळेना. पण काका भडकले. आठवडाभर रोज संध्याकाळी दुकानात येऊन तेच.

"भाऊ, तुम्ही सांगा. तो मेला तेव्हा हे रडले. ठीक हाय. जिता झाला तेव्हा हासले, तेही ठीक. आता तो जिताजागता सोडून चालला. परत कधी येईल, तारीख नाई सांगितली. अन् हे आनंदानं घरी जाते? कोणाच्या घरी असं होते?"

"शास्त्रात लिहिलं हाय म्हणते ना."

"लिहिणारा तिथं नव्हता," काका म्हणाले. असं काही त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. बोलून ते स्वतःच दचकले आणि काउंटरवरचे स्क्रू मोजत बसले.

पाळकसाहेबांनी परोपरीनं समजावलं. तो देहानं होता तेव्हा एका वेळी एकाच गावात असायचा, गालीलात असला की यरुशलेमेत नाही. गेला म्हणून तर सगळ्यांजवळ राहू शकला. जागा तयार करायला जातो, असं तो आधीच सांगून गेला होता. काका सगळं ऐकत. "बरोबर हाय," म्हणत. आणि तालमीत अकरा शिष्यांना खाली मान घालून परत जायला लावत.

खरं कारण मला रूथनं सांगितलं. रूथ ही काकांची एकुलती एक मुलगी. ती सातवीत होती तेव्हा तिची आई गेली. पुढे काकांनीच तिच्या वेण्या घातल्या. वेण्या म्हणजे काय, साखळीसारख्या पक्क्या, संध्याकाळपर्यंत केस हलायचा नाही. रूथ नर्स झाली, वर्ध्याच्या एका इस्पितळात लागली, रोज गाडीनं जाऊन-येऊन करायची. ती दुकानात आली ती बॅगेचं छोटं कुलूप घ्यायला.

"काकाजी, मले आयर्लंडले नोकरी लागली," ती म्हणाली. "कागद आले, तिकीट आलं. स्वर्गारोहणाच्या गुरुवारनंतरच्या शनिवारी निघतो मी. बाबाले तीन महिन्यांपासून माहीत हाय. पण ते त्यावर बोलतच नाईत. हो नाई, नाई नाई. मी विषय काढला की कुप्पीले तेल देत बसतात."

"रागावले का?"

"रागावले असते तर बरं होतं. समजावता तरी आलं असतं." तिनं कुलूप उघडझाप करून पाहिलं. "मले त्यांची परवानगी नोको, काकाजी. पण ते तोंडानं जा म्हटल्याशिवाय मले तिथं झोप नाई यायची."

मी बोलून बघतो, असं कबूल केलं. बोललो मात्र नाही. काकांना वजन सोडून दुसऱ्या कशाबद्दल कसं विचारायचं, हे मला आजवर जमलेलं नाही.

गुरुवार उजाडला. चर्चवाले हा कार्यक्रम रविवारी घेऊ म्हणतात आणि काका दरवर्षी शटरवरच्या रेघा दाखवून तो गुरुवारीच करायला लावतात. मे महिना होता. सूर्य मावळून गेला तरी आवारातली फरशी तापलेली होती. विल्सन अठ्ठावन्नवर कायम होता. पेत्र घामाघूम होता. गाणाऱ्यांत रूथ होती, शेवटची खेप म्हणून पुढच्या ओळीत उभी केलेली.

सातला गाणं सुरू झालं आणि काकांनी साखळीला हात घातला. विल्सनचे पाय जमिनीवरून सुटले. आम्हाला मागून ख्रिस्त दिसत नाही, त्याचे तळवे तेवढे दिसतात. ते सावकाश वर चालले होते. गाणं एकदा संपलं, दुसऱ्यांदा सुरू झालं, संपलं. तळवे माझ्या डोक्याच्या बरेच वर गेले होते. आणि साखळी थांबली.

मला वाटलं हात बदलताहेत. पण काका साखळी धरून नुसते उभे होते. गाणं तिसऱ्यांदा संपत आलं. खालचे शिष्य वर बघून बघून डोळे मिटायला लागले होते. विल्सननं ओठ न हलवता वरून विचारलं, "काका, काय झालं?"

"अडकली का?" मी म्हणालो.

"नाई."

"मंग ओढा ना."

"चार हात राह्यले, भाऊ," काका म्हणाले. "मंग ढग. मंग दिसत नाई."

"दरवर्षी असंच असते."

"दरवर्षी माही पोट्टी समोर असते. खेळ झाला की आम्ही दोघं घरी जातो, ते भाकरी टाकते, मी कांदा चिरतो." त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "हा वर गेला की खेळ संपते. खेळ संपला की शुक्रवार. मंग शनिवार. माह्यानं नाई ओढल्या जात."

मी घमेलं धरून उभा राहिलो. समोर गाणाऱ्यांनी चौथ्यांदा तेच गाणं धरलं. लोकांत चुळबूळ सुरू झाली होती. ख्रिस्त धड स्वर्गात नाही की धड पुलगावात नाही, असा मध्येच गोल फिरायला लागला होता. तेवढ्यात चादर बाजूला करून रूथ आत आली. तिनं एकदा वर पाहिलं, एकदा बापाकडे.

"बाबा, किती वेळ झाला? त्याच्या हाताले मुंग्या आल्या असतील."

रूथनं साखळी धरली.

"सोड. तुले जमत नाई हे."

"मंग तुम्ही ओढा."

"ओढलं की जाशील."

इतक्या महिन्यांत काकांनी या विषयावर उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. रूथच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलली ती नर्सच्या आवाजात, औषध प्यायला लावताना बोलतात तसं.

"नाई ओढलं तरी जातोच मी शनिवारी. पण असं अर्ध्यात टांगून ठेवलं ना बाबा, तर तो कोणाच्याच कामाचा नाई. ना वरच्याच्या, ना खालच्याच्या. तुम्हीच सांगता, आपला माणूस तिथं पोचला पाह्यजे. मंग पोचवा ना."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातावर हात ठेवून तो साखळीवरून बाजूला केला आणि ओढायला लागले. उरलेले चार हात त्यांनी इतक्या सावकाश ओढले की खडखडाटही झाला नाही. विल्सन ढगात गेला. पांढऱ्या कपड्यांतले दोघं जण आले, त्यांनी आपलं वाक्य म्हटलं, आणि अकरा शिष्य मोकळ्या झालेल्या माना चोळत इतक्या खऱ्याखुऱ्या आनंदानं परत निघाले की पाळकसाहेबांना पुन्हा कधी तालीम घ्यावी लागणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका चहाला थांबले नाहीत.

शुक्रवारी दुपारी, उन्हात, काका रूथची मोठी बॅग डोक्यावर घेऊन दुकानात आले. विमानवाले तेवीस किलोच्या वर घेत नाहीत म्हणाले.

"मी भरली," ते म्हणाले. "तेवीस पूर्ण. हातानं उचलून पाह्यली. फक्त पक्कं करा."

काटा सत्तावीसवर गेला. मी काटा शून्यावर आणून पुन्हा मोजलं. सत्तावीस. इतक्या वर्षांत काकांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नव्हता. काकांनी बॅग उघडली. आत तिखट, हळद, ज्वारीचं पीठ, आंब्याचं लोणचं, जवसाची चटणी आणि तळाला रूथच्या आईचं जाड लुगडं. ते एकेक जिन्नस बाहेर काढून काउंटरवर ठेवत गेले. पीठ काढलं, परत थोडं घातलं. लोणच्याची बरणी काढली. तेवीसवर आल्यावर त्यांनी चेन लावली आणि बाहेर उरलेल्या बरणीकडे बघत म्हणाले, "हे वहिनीले देजा." बायकोनं ती बरणी अजून उघडलेली नाही.

शनिवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून स्टेशनला नेलं. बॅग आणि रूथ रिक्षात. मुंबईची गाडी आमच्याकडे दोनच मिनिटं थांबते. बॅग चढवून झाल्यावर काकांनी रूथला प्लॅटफॉर्मवर उभं केलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ती लांबत चालली. विमान, समुद्र, थंडी, इस्पितळातले रोगी, सगळं त्यात आलं. गाडीनं भोंगा दिला तरी संपेना. मी रूथला डब्यात ढकललं. काका चालत्या गाडीबरोबर चालत प्रार्थना करत होते.

"अन् तिले घेऊन जा, प्रभु," ते म्हणाले. "सांभाळून घेऊन जा. जा, रूथ. जाजो, माय."

आमेन तिनं दारातून म्हटलं. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. ती रडत होती आणि हसत होती. गाडी सिग्नलपलीकडे गेली आणि वळली.

काका तिथंच उभे राहिले. मीही राहिलो. हमाल निघून गेले, चहावाल्यानं किटली उचलली. बऱ्याच वेळानं ते वळले. मी स्कूटर काढली, तर ते बसेनात.

"भाऊ, मले आनंद नाई झाला," ते म्हणाले. "पण रात्रभर मी त्यावर विचार केला. ते लोकं डोंगरावरून आनंदानं निघाले, असं नाई लिहिलेलं. परतले, असं लिहिलं हाय. म्हणजे निघताना नसंल. रस्त्यानं चालता चालता कुठंतरी झाला असंल. गाडीवर बसलं तर लवकर पोचतो माणूस. पायी जाऊ."

मग आम्ही पायी निघालो. मी स्कूटर ढकलत, ते हात मागे बांधून. ऊन अजून चढलं नव्हतं. स्टेशनापासून त्यांचं घर काही फार लांब नाही. रस्त्यात भेटलेल्या दोघा-तिघांना काकांनी सलाम केला, वजन कुणाचंच सांगितलं नाही. घर आलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि तसेच थांबले. आत नेहमी सकाळी या वेळी रेडिओ लागलेला असायचा, तो आज बंद होता.

"आला का आनंद, काका?" मी विचारलं.

त्यांनी जरा वेळ स्वतःच्या आत कान दिल्यासारखं केलं.

"नाई आला अजून," ते म्हणाले. "अजून एक चक्कर मारू."

मी स्कूटर त्यांच्या फाटकापाशी लावली. दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. आम्ही पुन्हा स्टेशनाकडे चालायला लागलो.